खिशात मावणारी इटालियन पिस्तुले आणि ती सांभाळण्याचे काम

विदर्भातल्या खेड्यात परवान्याचे शस्त्र म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दुनळी बारा बोअर येते. ती माडीवरच्या खोलीत खुंटीला टांगलेली असते आणि शेतीवरच्या जागलीला किंवा दसऱ्याच्या पूजेलाच काय ती खाली उतरते. पण जुनी मालगुजारांची घरे, जिनिंगवाले, तालुक्याच्या गावचे वकील आणि डॉक्टर यांच्या कपाटांत आणखी एक वस्तू असे, आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नसे. ती म्हणजे तळहातावर मावणारे परदेशी पिस्तूल. त्यांतली बरीचशी इटलीतल्या एकाच डोंगरखोऱ्यात घडलेली आहेत. आमच्या घरी अशी दोन पिस्तुले आहेत, दोन्ही बेरेटा या इटालियन कंपनीची: एक ७.६५ मिलिमीटरचे १९३५ मॉडेल आणि दुसरे ६.३५ मिलिमीटरचे ९५० मॉडेल. ही दोन्ही माझ्या परवान्यावर आहेत, मी ती नियमाने रेंजवर नेऊन चालवतो, आणि अशा पिस्तुलांविषयी आपल्याकडे जो समज आहे तो मला बराचसा चुकीचा वाटतो, म्हणून हे लिहितो आहे.

समज असा की ही पिस्तुले म्हणजे प्रतिष्ठा आणि संरक्षण. माझे मत असे की ती उत्तम कारागिरीची छोटी यंत्रे आहेत आणि यंत्र म्हणून चालती ठेवली तरच त्यांना अर्थ आहे. लॉकरमध्ये मखमलीत गुंडाळून ठेवलेले पिस्तूल वीस वर्षांत निकामी होते, आणि ते बाळगणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आधी ही पिस्तुले आमच्या भागात का आली ते सांगतो. आमचे गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या बाजूला आहे. आजोबांचा कापसाचा व्यवहार होता. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की खेडोपाडी जाऊन रोखीने कापूस घ्यायचा, तो बैलबंड्या भरून जिनिंगला आणायचा, आणि त्यासाठी लागणारी रक्कम अंगावर बाळगून रानातल्या वाटेने जायचे, असा तो काळ होता. बारा बोअर घेऊन कोणाच्या ओट्यावर सौद्याला बसता येत नाही. अंगातल्या बंडीच्या आतल्या खिशात राहील, समोरच्याला दिसणार नाही आणि बसता-उठताना टोचणार नाही अशी वस्तू त्यांना हवी होती. आजोबांना ते ७.६५ चे पिस्तूल एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून रीतसर हस्तांतराने मिळाले. पुढे १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, व्यापाऱ्यांची खेडा-खरेदी थांबली, आणि पिस्तुलाचे ते काम संपले. दुसरे पिस्तूल, म्हणजे ६.३५ चे, वडिलांनी तालुक्याच्या एका वृद्ध डॉक्टरांकडून घेतले. रात्री-बेरात्री बाळंतपणाला किंवा सर्पदंशाच्या रोग्याकडे जाताना ते त्यांच्या औषधांच्या पेटीत असायचे. डॉक्टरांनी ते कधी कोणावर रोखल्याचे कोणाच्याही ऐकिवात नाही.

आता ती जिथे घडली तिथली गोष्ट. इटलीच्या उत्तरेला लोम्बार्डी प्रांतात ब्रेशा नावाचे शहर आहे, आणि त्याच्या वरच्या अंगाला मेल्ला नदीचे खोरे आहे. त्याला वाल त्रोम्पिया म्हणतात. डोंगरात लोहखनिज, कोळशासाठी जंगल आणि घण चालवायला नदीचे पाणी, अशा तिन्ही गोष्टी एकत्र असल्यामुळे इथे शेकडो वर्षांपासून बंदुकीच्या नळ्या घडवल्या जातात. खोऱ्यातल्या गार्दोने या गावच्या बार्तोलोमेओ बेरेटा याने व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या पुरवल्या आणि त्याबद्दल २९६ डुकाट घेतले, अशी १५२६ सालची नोंद आहे. त्याच घराण्याची कंपनी आज पाचशे वर्षांनीही त्याच गावात आहे. तिच्या अवतीभोवती बेर्नार्देल्ली, तान्फोल्यो, गालेझी अशी लहान-मोठी घराणी वाढली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत त्या सगळ्यांनी मिळून खिशातल्या पिस्तुलांचा जणू पूर आणला.

या पुरामागे एक कायदेशीर कारण आहे, आणि ते आपल्या परवानाधारकाला लगेच ओळखीचे वाटेल. इटलीच्या कायद्याने ९ मिलिमीटर पॅराबेलम हे लष्करी काडतूस सामान्य नागरिकाला दीर्घकाळ दिले नाही. त्यामुळे नागरिकांसाठी पिस्तूल करायचे तर ते ६.३५, ७.६५, .२२ किंवा आखूड ९ मिलिमीटरमध्येच करावे लागे. आपल्याकडेही ९ मिलिमीटर हा प्रतिबंधित बोअर आहे, आणि सामान्य परवान्यावर .२५ आणि .३२ चालतात. बोअरचे हे आकडे म्हणजे त्याच ६.३५ आणि ७.६५ ची इंग्रजी मापे होत. तिकडच्या कायद्याने जे घडवायला लावले ते इकडच्या कायद्यात चपखल बसले. पुढे १९८० च्या दशकात परदेशी शस्त्रांची खासगी आयात जवळजवळ बंद झाली, तेव्हा आधी आलेली पिस्तुले तेवढी राहिली, आणि त्यांच्या किमती लाखांत गेल्या. युरोपात याच पिस्तुलांना कोणी फार मोजत नाही. आपल्याकडची किंमत ही टंचाईची किंमत आहे, आणि ज्याला ती विकत घ्यायची आहे त्याने हे लक्षात ठेवून भाव करावा.

ही दोन्ही काडतुसे जॉन ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकाने बेल्जियमच्या एफएन कंपनीबरोबर काम करताना तयार केली. ७.६५ एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीला आले आणि ६.३५ त्यानंतर काही वर्षांनी. ६.३५ ची गोळी जेमतेम ३.२ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे २३० मीटर, आणि ऊर्जा साधारण ८५ ज्यूल. ७.६५ ची गोळी ४.६ ग्रॅमची आणि ऊर्जा १७० ज्यूलच्या आसपास. .२२ च्या साध्या रायफलीतून सुटणाऱ्या गोळीची ऊर्जादेखील ६.३५ च्या जवळपास दुप्पट असते. दाब कमी असल्यामुळे या पिस्तुलांत नळी आणि स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) एकमेकांत कुलूपबंद करणारी गुंतागुंतीची रचना लागत नाही. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच, गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, बंद राहते, आणि मग स्लाइड मागे येऊन रिकामी पुंगळी फेकते. म्हणूनच या पिस्तुलांत स्प्रिंगला इतके महत्त्व आहे. त्याबद्दल पुढे लिहितोच.

गावातली मंडळी पिस्तुलाची गोष्ट निघाली की एकच प्रश्न विचारतात: "भाऊ, याच्यानं डुक्कर मरते का जी?" रानडुकरांनी तूर आणि हरभरा लोळवल्यावर शेतकऱ्याच्या तोंडी हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे, आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. उत्तर मात्र सरळ आहे. रानडुक्कर मारण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. परवानगी असली तरी हे पिस्तूल त्या कामाचे नाही, कारण जखमी होऊन उलटलेले डुक्कर माणसाची मांडी फाडून जाते, आणि ८५ ज्यूलची गोळी त्याला अडवू शकत नाही. माणसापासूनच्या संरक्षणाचेही असेच आहे. ६.३५ च्या पिस्तुलाची नेम धरायची माशी म्हणजे स्लाइडवरचा एक बारीक उंचवटा, मागची खाच नखाने चाचपडावी लागते, नळी सहा सेंटिमीटरची, आणि रात्री घाबरलेल्या हाताने ते चालवायचे. ज्याच्या भरवशावर माणूस धोक्यात पाऊल टाकतो पण जे ऐनवेळी पुरे पडत नाही, ते शस्त्र नसलेलेच बरे. परवान्याच्या अर्जात कारण म्हणून संरक्षण लिहिले जाते ते ठीक, पण बाळगणाऱ्याने मनातून तरी या पिस्तुलाकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

मग त्यात आहे काय, असे कोणी विचारले तर मी १९३५ मॉडेल त्याच्या हातात देतो. अर्थात रिकामे करून, चेंबर दाखवून. तुल्लिओ मारेंगोनी या बेरेटाच्या अभियंत्याने पिस्तुलांचे हे घराणे उभे केले. त्यातले आखूड ९ मिलिमीटरचे १९३४ मॉडेल इटालियन भूदलाकडे गेले आणि ७.६५ चे १९३५ प्रामुख्याने हवाई दलाकडे व नौदलाकडे. स्लाइडचा वरचा भाग मोकळा कापलेला असल्यामुळे नळी उघडी दिसते. बेरेटाची ओळख असलेली ही रचना नुसती शोभेची नाही. पुंगळी बाहेर पडायला पूर्ण वाट मोकळी राहते, त्यामुळे ती अडकण्याचे प्रमाण फार कमी. सगळ्या पिस्तुलात भाग मोजके, आणि ते उघडायला कोणतेही हत्यार लागत नाही. मॅगझीन काढायचे, चेंबर रिकामे आहे याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करायची, स्लाइड मागे ओढून सेफ्टीची कळ तिच्या खाचेत अडकवायची, नळी मागे ढकलून वर उचलायची, आणि मग कळ सोडून स्लाइड पुढून काढून घ्यायची. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी रणांगणातल्या शिपायासाठी केलेली ही रचना आज माझ्या घरच्या टेबलावर तितक्याच निमूटपणे उलगडते.

९५० मॉडेल वेगळ्या स्वभावाचे आहे. १९५० च्या दशकात आलेल्या या पिस्तुलाची लांबी १२ सेंटिमीटर आणि वजन २८० ग्रॅमच्या जवळपास. डाव्या बाजूची छोटी कळ दाबली की नळीचे मागचे टोक वर उसळते, आणि काडतूस थेट नळीत ठेवता येते किंवा काढता येते. ज्या म्हाताऱ्या माणसाच्या बोटांत स्लाइड ओढण्याचा जोर नाही त्यालाही ते सुरक्षितपणे रिकामे करता येते. डॉक्टरांनी हेच पिस्तूल का निवडले असेल ते मला यावरून समजते. पुंगळी ओढून काढणारा आकडा यात मुळी बसवलेलाच नाही. स्फोटाच्या दाबानेच ती मागे फेकली जाते. कारागिराने काय ठेवले यापेक्षा काय वगळले यात त्याची बुद्धी दिसते, असे मला हे पिस्तूल हातात घेतले की वाटते.

शिक्क्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण खरेखोटे तिथेच कळते. आमच्या १९३५ मॉडेलच्या स्लाइडवर गार्दोनेचे नाव, १९४२ हे साल आणि त्याच्या पुढे दोन तिरक्या फुल्या आहेत, म्हणजे रोमन लिपीतले वीस. हे वीस मुसोलिनीच्या राजवटीच्या कालगणनेतले विसावे वर्ष होय, जी २८ ऑक्टोबर १९२२ पासून मोजली जाई. आता ९५० कडे पाहावे तर त्याच्या सांगाड्यावर चौकटीत पुन्हा त्याच दोन फुल्या, आणि त्यांचा त्या राजवटीशी काहीही संबंध नाही. युद्धानंतर गार्दोनेच्या शासकीय चाचणी केंद्राने १९४५ हे पहिले वर्ष धरून नवी मोजणी सुरू केली, आणि तिच्यातले विसावे वर्ष म्हणजे १९६४. एकाच खोऱ्यातल्या दोन पिस्तुलांवर एकच खूण, आणि दोहोंत बावीस वर्षांचे अंतर. जुन्या पिस्तुलांचा व्यवहार करणाऱ्या एका माणसाने मला १९६४ चे पिस्तूल युद्धकाळातले म्हणून दाखवले होते, ते या फुल्यांच्याच आधारावर. युद्धकाळातले म्हटले की भाव चढतो, म्हणून घेणाऱ्याने ही खूण समजून घ्यावी.

याखेरीज नळीवर आणि सांगाड्यावर चाचणी केंद्राचे शिक्के असतात. त्यांतला पीएसएफ हा शिक्का पिस्तूल धूरविरहित दारूच्या काडतुसांनी तपासल्याचा. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीने शरणागती पत्करल्यावर उत्तरेतले हे कारखाने जर्मनांच्या ताब्यात गेले, आणि त्या काळातल्या काही पिस्तुलांवर त्यांच्या स्वीकृतीचा चार-यूटी असा शिक्का सापडतो. घाईत केलेले काम त्यांच्यावर स्पष्ट दिसते: पृष्ठभागावर यंत्राच्या चरांचे ओरखडे तसेच राहिलेले, आणि निळसर काळा मुलामा पातळ. त्याच वेळी आपले मराठे त्याच भूमीवर लढत होते. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये टायबरच्या वरच्या खोऱ्यात आणि शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्यांपैकी यशवंत घाडगे परत आले नाहीत. इटलीचे नाव निघाले की मला आधी ही नावे आठवतात. पिस्तुलांचा क्रम त्यानंतरचा.

आता चालवण्याबद्दल. पहिली गोष्ट म्हणजे शेत मोकळे आहे म्हणून शेतात बार काढायचे नाहीत. लग्नात, मिरवणुकीत तर नाहीच. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर हर्षोल्हासाने केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि शिक्षा नसती तरी वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. मी नागपूरच्या बाजूला रेंजवर जातो. पिस्तूल रिकामे, मॅगझीन बाहेर, काडतुसे वेगळ्या डब्यात, आणि परवाना सोबत. रेंजवर १० मीटरचे लक्ष्य या पिस्तुलांना शोभते. २५ मीटरवर ती चालवता येतात, पण मग नेमाची परीक्षा न होता नुसत्या नशिबाची होते.

७.६५ चे १९३५ मॉडेल हातात छान बसते. मॅगझीनच्या तळाला पुढे आलेल्या चोचीवर करंगळी टेकते आणि पकड पूर्ण होते. चाप जड आहे, आणि तो सावकाश, एकसारख्या दाबाने ओढावा लागतो. उगाच हिसका दिला की गोळी खाली डावीकडे जाते. शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे थांबते खरी, पण तिला मॅगझीनमधली पट्टी अडवते. स्लाइड थांबवायला वेगळी कळ नाही. त्यामुळे मॅगझीन बाहेर ओढताच स्लाइड खाडकन पुढे येते. रेंजवर उघडे चेंबर दाखवायचे असेल तर आधी सेफ्टीची कळ खाचेत अडकवून मगच मॅगझीन काढावे. शिवाय या मॉडेलची सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा अडवत नाही, म्हणून तिच्या भरवशावर भरलेले पिस्तूल बाळगणे मला मान्य नाही. चेंबर रिकामे असणे हीच खरी सेफ्टी.

९५० चालवताना अंगठ्याची बेचकी सांभाळावी लागते. मूठ इतकी लहान की मोठ्या हाताची चामडी वर सरकते आणि मागे येणारी स्लाइड तिला ओरखडा काढून जाते. पकड थोडी खाली घेतली आणि करंगळी मुठीखाली दुमडली की हा त्रास होत नाही. धक्का जवळजवळ नाहीच. आवाज मात्र आखूड नळीमुळे चांगलाच टोचतो, तेव्हा कानांवर संरक्षण हवेच. चाप ओढूनही बार झाला नाही तर पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने रोखून अर्धा मिनिट थांबावे, कारण जुन्या काडतुसाची टोपी कधीकधी उशिराने पेटते. त्यानंतर कळ दाबून नळी वर करावी आणि काडतूस काढून घ्यावे. आणि बार नेहमीपेक्षा फुसका वाटला तर पुढचा चाप ओढायचाच नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी गोळी सोडणे म्हणजे नळी फाडून घेणे. नळी उघडून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचे, मगच पुढे जायचे.

काडतुसांची स्थिती दोन्ही बोअरसाठी सारखी नाही. .३२ ची पिस्तुलाची काडतुसे देशात बनतात. खडकीचा दारूगोळा कारखाना ती काढतो, आणि २०२१ च्या ऑक्टोबरपासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. दुकानात मागताना पिस्तुलाची हवीत की रिव्हॉल्वरची हे स्पष्ट सांगावे, कारण .३२ रिव्हॉल्वरचे काडतूस वेगळे आणि लांब असते, आणि एकाचे दुसऱ्यात चालत नाही. ६.३५ साठी परदेशी मालावरच अवलंबून राहावे लागते, आणि मिळेल तेव्हा मिळेल त्या भावाने घ्यावे लागते. म्हणून ९५० मधून मी एका फेरीत एखादेच मॅगझीन चालवतो, आणि प्रत्येक बार मन लावून काढतो. ७.६५ च्या काडतुसाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहील हे पाहावे, नाहीतर कडा एकमेकींत अडकून मॅगझीन जाम होते. आपल्याकडे ज्याला पिस्तूल बिघडले म्हणतात ते अनेकदा एवढेच असते.

आमच्या हवेत ही पिस्तुले टिकवणे हा स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर काडतुसे ठेवू नयेत. घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात, पिस्तुलापासून वेगळ्या कुलपात ठेवावीत. चामड्याच्या म्यानात पिस्तूल कायमचे ठेवण्याची आपल्याकडे फार सवय आहे, पण चामडे ओल धरते, त्यात कमावण्याची रसायने असतात, आणि पावसाळा संपेपर्यंत म्यानाच्या शिवणीची रेघ स्लाइडवर गंजाच्या रूपाने उमटते. तेलाचेही तसेच. विदर्भात जवसाचे तेल घरोघरी असते आणि जुने लोक तेच बंदुकीला लावत. लाकडी कुंद्याला ते उत्तम, पण लोखंडाच्या आत ते वाळून सरसासारखे चिकट होते, आणि घोड्याची चाल मंदावते. शिवणयंत्राचे पातळ तेल, तेही पुसल्यासारखे, पुरे होते.

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रे पूजेत मांडतात, आणि ती प्रथा मला प्रिय आहे. पण हळदकुंकवाचे बोट पिस्तुलाला लावले की ते मुठीच्या बारीक नक्षीत आणि स्लाइडच्या खाचांत जाऊन बसते, आणि ओले कुंकू महिनाभर राहिले तर खाली गंजाचा ठिपका धरते. म्हणून आम्ही पिस्तुलाखालच्या पाटाला गंध लावतो, आणि पिस्तुलावर फूल ठेवून ते संध्याकाळी उचलून घेतो. आईने ही पद्धत एका शब्दानेही न अडवता स्वीकारली.

आजोबांचे पिस्तूल वडिलांकडे आले तेव्हा ते पहिल्यांदा पूर्ण उघडले, तेव्हा मी शेजारी बसलो होतो. मुठीच्या काळ्या पट्ट्या काढल्यावर आत घोड्याच्या स्प्रिंगभोवती करड्या रंगाचा एक थर निघाला. तो चिमटीत धरला तर नमद्यासारखा सलग उचलला गेला. जिनिंगमधली रुई, बंडीच्या खिशातला भुसा, काळ्या मातीची धूळ आणि वाळलेले तेल यांचा तो इतक्या वर्षांचा लगदा होता. त्याच्याखालचे लोखंड मात्र स्वच्छ, चकचकीत होते. वडिलांनी तो थर फेकला आणि स्प्रिंग पुसून परत बसवली.

स्प्रिंगच्या बाबतीत मात्र भावना बाजूला ठेवल्या पाहिजेत. कुलूपबंद रचना नसलेल्या या पिस्तुलात स्प्रिंग सैल झाली की स्लाइड जोराने मागे आपटते आणि सांगाड्याला मार बसतो. मोकळ्या कापलेल्या स्लाइडच्या दोन्ही बाजूंच्या पातळ पट्ट्या भिंगाखाली तपासाव्यात, आणि केसाएवढी चीर दिसली तरी चालवणे थांबवावे. दुरुस्ती परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच करावी लागते. गावातला लेथवाला कितीही कुशल असला तरी कायद्याने त्याला ते काम करता येत नाही, आणि तसे करायला लावून त्याला अडचणीत आणू नये. मुलामा नवा करून घेण्याच्या मी विरोधात आहे. झिजलेल्या कडा आणि उडालेला रंग हा त्या वस्तूचा इतिहास आहे, आणि नव्या मुलाम्यासाठी घासताना शिक्केच पुसले जातात.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही. परवाना जिल्हादंडाधिकारी देतात आणि आता त्याची मुदत पाच वर्षांची आहे. राष्ट्रीय नोंदणीतला यूआयएन हा ओळख क्रमांक त्यावर असलाच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि आमच्याकडे तीन होती. शेतीच्या दृष्टीने बारा बोअर ठेवावी असे सगळ्यांचे म्हणणे होते. शेवटी ती थोरल्या बंधूंच्या परवान्यावर गेली आणि दोन्ही पिस्तुले माझ्याकडे राहिली. याचे समाधान मला आजही आहे, कारण बारा बोअर कोणीही सांभाळील, या दोघांना मात्र माहीतगार हात लागतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश येतात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका झाल्या. जमा करताना पिस्तुलावर तेलाचा हात जरा जास्त फिरवावा, मेणकागदात गुंडाळावे, पावतीवर क्रमांक आणि सोबतच्या मॅगझीनांची संख्या लिहून घ्यावी, आणि परत मिळाल्यावर त्याच दिवशी उघडून पाहावे.

वारशाचा नियम अनेकांना माहीत नसतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना मिळू शकतोच, पण परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, यांतले जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो. म्हाताऱ्या माणसाच्या पश्चात पिस्तूल घरात सापडते आणि घाबरलेले घरचे लोक ते विहिरीत टाकतात, असे प्रकार आमच्या भागात झाले आहेत. वेळीच हा अर्ज केला तर तशी वेळ येणार नाही. माझ्या मुलीला नेमबाजीची आवड आहे. ती एअर पिस्तुलापासून शिकते आहे, आणि सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचा दाखला घेतल्यावर तिचे नाव सुचवण्याचा माझा विचार आहे. तिच्यासाठी मी दोन्ही पिस्तुलांची एक वही केली आहे. तीत शिक्के, स्प्रिंग कधी बदलली, कोणत्या काडतुसाने कसे चालले आणि कोणता भाग झिजला हे सगळे लिहिलेले आहे.

विदर्भात कोणाकडे गालेझी किंवा बेर्नार्देल्लीची जुनी पिस्तुले परवान्यावर असतील तर त्यांनीही अशी वही करावी, असे मला मनापासून वाटते. क्रमांक उघड करण्याची गरज नाही. स्लाइडवरचा मजकूर, चौकटीतल्या खुणा, मुठीवरचे चिन्ह आणि पिस्तूल घरात कोणत्या साली आले एवढे टिपले तरी पुरे.